बाबासाहेबांची अंत्ययात्रा कोणी टिपली? – माहितीपट, चरित्रपट आणि कॅमेऱ्यामागचा खिसा

सांजवेळ :

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. दर वर्षी ६ डिसेंबरच्या आधी वर्गात भाषण होतं. मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरून जातात. यंदा ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. आधी डॉ. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मधला चवदार तळ्याचा प्रसंग लावला आणि त्यानंतर ७ डिसेंबर १९५६ च्या अंत्ययात्रेचं मूळ चित्रण. इंटरनेटवर ते मिळतं, पण मागे कोणी ना कोणी गाणं जोडलेलं असतं. मी आवाज बंदच ठेवला.

कृष्णधवल, ओरखडे पडलेलं, मध्येच हलणारं चित्र. नुसती माणसंच माणसं. चवदार तळ्याच्या वेळी मुलं कुजबुजत होती, 'मामूटी कसला भारी दिसतोय' वगैरे (त्यात बाबासाहेबांचं काम त्याने केलंय). इथे मात्र पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे शूटिंग कोणी केलं?"

पंधरा वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते" म्हटलं आणि घरी येऊन शोधत बसले.

ते केलं नामदेव व्हटकरांनी. 'कथा माझ्या जन्माची' हे आत्मकथन लिहिणारे तेच व्हटकर. बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्याकडे ना स्वतःची फिल्म कंपनी होती, ना हाताशी पैसा. स्वतःचा छापखाना गहाण टाकून त्यांनी कॅमेरा आणि रिळांचे पैसे उभे केले. आज आपण जे बघतो ते त्या गहाणाच्या पैशातून आलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं तर तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांनी छापखाना गहाण टाकला नसता तर आपल्याला काहीच दिसलं नसतं?"

तेव्हापासून माझं डोकं या एकाच गोष्टीभोवती फिरतंय. मोठ्या माणसावरचा किंवा इतिहासावरचा सिनेमा बघताना आपण नट कसा आहे, दिसतो का तसा, संवाद कसे आहेत हे बोलतो. पैसा कोणाचा होता आणि कॅमेरा तिथे किती वेळ थांबला, हे विचारत नाही. माझ्या मते सिनेमा खरा की बेतलेला हे तिथेच ठरतं.

थांबण्याचं उदाहरण म्हणून आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' घ्या. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांची त्यांची ओळख जुनी होती, 'हमारा शहर'मध्ये (१९८५) घोगरे गायले होते. तिथून सुरू झालेला सिनेमा पुरा व्हायला १४ वर्षं लागली. तीन तासांहून मोठा आहे, आणि त्यात ती १४ वर्षं दिसतात. माणसांचे केस पांढरे होतात, घोषणा बदलतात, पक्ष बदलतात. गाणी तेवढी टिकून राहतात.

तुम्हाला असे कोणते सिनेमे आठवतात? माहितीपट असो की चरित्रपट. मला पुढच्या वर्षासाठी यादीही करायची आहे.

कोकणकडा :

व्हटकरांचं माहीत नव्हतं, सांजवेळताई. अंत्ययात्रेचं ते चित्रण निदान पन्नास वेळा पाहिलं असेल. धन्यवाद.

भीमातीर :

ताई, लेख आवडला, पण जब्बार पटेलांच्या सिनेमावर तुम्ही नकळत अन्याय करताय असं वाटलं. 'मामूटी भारी दिसतोय' म्हणून मुलं कुजबुजली, ठीक आहे. पण आमच्या वस्तीत तो सिनेमा आला तेव्हाचं सांगतो.

पंढरपूर तालुक्यातलं आमचं गाव. विहारासमोरच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरी चादर बांधली होती. वारा आला की पडदा फुगायचा आणि बाबासाहेबांचा चेहरा वाकडा व्हायचा, मग दोन पोरं खालची टोकं धरून बसली, ती शेवटपर्यंत. माझी आजी पहिल्या रांगेत. रमाई जातात तो प्रसंग आला तसा आजीने पदर तोंडाला लावला. आजीला लिहिता वाचता येत नव्हतं. धनंजय कीरांचं चरित्र तिच्यापर्यंत कधी पोचणार नव्हतं. कोलंबिया, लंडन, गोलमेज परिषद हे शब्द तिने भाषणांत ऐकले होते, ती ठिकाणं तिने त्या रात्री पाहिली.

त्या सिनेमात पैसा सरकारचा होता, केंद्राचा आणि महाराष्ट्र शासनाचा. पण त्यामागचा हक्क कोणाचा होता हेही बघा. १९८२ च्या 'गांधी'मध्ये बाबासाहेब कुठेच नाहीत. गोलमेज परिषद, पुणे करार, घटना समिती या सगळ्यातून गेलेला माणूस जगभर पाहिल्या गेलेल्या सिनेमात एका दृश्यापुरताही नाही. आणि त्या सिनेमात आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचाही पैसा होता. त्यामुळे बाबासाहेबांवर मोठ्या पडद्याचा, मोठ्या नटाचा सिनेमा होणं ही आमची गरज होती, ती सरकारने पुरी करायलाच हवी होती.

मामूटींनी त्यासाठी मिशी काढली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मोहन गोखल्यांचे गांधी आणि सोनाली कुलकर्णींची रमाई मला आजही डोळ्यांसमोर दिसते. तरी हाच सिनेमा तमिळमध्ये डब होऊन थिएटरात लागायला २०१० साल उजाडलं, तेही मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर. पैसा असून सिनेमा डब्यात पडून राहतो, तर नुसता खिसा बघून कसं चालेल? तो दाखवणारा कोण, हाही प्रश्न तुमच्या यादीत घाला.

सांजवेळ :

भीमातीर, मान्य. आजींचा प्रसंग वाचून माझं वाक्य मलाच उथळ वाटलं. 'दाखवणारा कोण' हा तिसरा प्रश्न घेते.

रीळवाला :

मी जुन्या फिल्म्स डिजिटल करण्याच्या कामात आहे. या धाग्यावर आमच्या बाजूचं कोणी बोलेल का याची वाट बघत होतो, शेवटी मीच लिहितो.

चित्रण झालं म्हणजे इतिहास टिकला असं नाही. फिल्मचा डबा वर्षानुवर्षं गरम, दमट खोलीत राहिला की आतल्या पट्टीतून ॲसिटिक ॲसिड सुटायला लागतं. झाकण उघडलं की नाकात व्हिनेगरचा वास जातो, डोळे चुरचुरतात. आम्ही त्याला व्हिनेगर सिंड्रोमच म्हणतो. पट्टी आकसते, कडेला लाटा येतात, भोकांचं माप बदलतं आणि मग ती यंत्राच्या दातऱ्यांवर बसत नाही. जबरदस्ती केली तर फाटते. एका डब्याची लागण शेजारच्या डब्यांना होते, म्हणून वास आला की आधी तो डबा बाजूला काढायचा. नायट्रेटच्या जुन्या फिल्म तर पेट घेतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत अशाच जुन्या नायट्रेट फिल्म गेल्या. पुन्हा कधीच मिळणार नाहीत अशा.

मागे एका जिल्ह्याच्या गावातून एक कुटुंब माझ्याकडे चार डबे घेऊन आलं होतं. आजोबांनी साठच्या दशकात एका मोठ्या शेतकरी मोर्चाचं चित्रण केलं होतं. डबे माळ्यावर, पत्र्याखाली, पन्नासेक वर्षं. तीन उघडले तर आत फिल्म एकमेकीला चिकटून विटेसारखी घट्ट झालेली. चौथ्यातून कशीबशी मिनिटभराची पट्टी सुटली. त्यात एक बाई कडेवर मूल घेऊन चालतेय, बैलगाडीचं चाक दिसतं आणि संपलं. मोर्चाचा नेता त्यात नाहीच. त्या घरातल्या काकूंनी ती मिनिटभराची पट्टी माझ्या संगणकावर सहा वेळा पाहिली.

म्हणून सगळ्यांना कळकळीची विनंती. घरात कोणाकडे जुनी आठ किंवा सोळा मिलिमीटरची फिल्म असेल तर माळ्यावर ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या जागी ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आणि 'चालते का बघू' म्हणून जुन्या प्रोजेक्टरवर अजिबात लावू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करा.

व्हटकरांचं चित्रण टिकलं यातही कोणाकोणाचे हात लागले असतील, त्यांचीही नावं कुठे लिहिलेली नाहीत.

जुनी_पेठ :

मी सत्तरी ओलांडली आहे. आमच्या लहानपणी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचार चित्र आणि माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. पुष्कळ लोक तेवढी पंधरा-वीस मिनिटं बाहेर शेंगदाणे खात उभे राहायचे. माझे वडील मात्र आम्हाला मुद्दाम लवकर नेऊन बसवायचे. नेहरू, राधाकृष्णन, भाक्रा धरण, कोयनेचा भूकंप हे सगळं मी प्रथम पाहिलं ते तिथे. वर्तमानपत्रातला नेता चालताना, खोकताना, टोपी सारखी करताना दिसायचा, याचं त्या वयात फार अप्रूप होतं. ती सरकारी भाषा होती, सगळं छान चाललंय असं सांगणारी, हे नंतर कळलं. पण त्याच सरकारी कचेरीत १९६७ च्या सुमारास सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री ही मंडळी धाडसाने कामं करत होती. शास्त्रींच्या 'आय ॲम ट्वेंटी'मध्ये १९४७ साली जन्मलेली पोरं देशाबद्दल जे वाटतं ते तोंडावर बोलतात. सरकारी पैशातून तेही निघालं. सांजवेळताईंनी वर्गात जरूर लावावं, मुलांच्याच वयाच्या आसपासची माणसं आहेत.

आणि एक मुद्दा, जो मराठी माणसाला माहीत असायलाच हवा. भारतात सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तीवर अगदी सुरुवातीला कॅमेरा रोखणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, आणि समोरही मराठी माणूसच. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनजवळची कुस्ती टिपली. १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं मुंबईत स्वागत झालं, तेही त्यांनी टिपलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या बारा वर्षं आधी. गणितात पहिला आला म्हणून बंदरावर लोकांची गर्दी होते, आणि ती गर्दी टिपावी असं एका छायाचित्रकाराला वाटतं! पैसा त्यांचा स्वतःचाच होता, ताई.

तर्कट :

सगळ्यांचं वाचतोय, छान चाललंय. एक खडा टाकतो, राग नसावा.

पटवर्धनांचे माहितीपट मी पाहिले आहेत. मेहनत निर्विवाद. पण ते कोणाच्या बाजूने आहेत हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. संकलन म्हणजे निवड. शंभर तासांतून तीन तास निवडताना दिग्दर्शक आपलंच म्हणणं सांगणार. मग चरित्रपटवाल्याने बेतलं आणि माहितीपटवाल्याने निवडलं, यात एवढा फरक काय? मुलांना 'हे खरं आहे' म्हणून दाखवताना ही सूचना द्यायला नको का?

सांजवेळ :

तर्कट, रागाचा प्रश्नच नाही, हा प्रश्न हवाच होता.

बाजू आहे, हे मीही मुलांना सांगेन. पटवर्धन स्वतःही ते लपवत नाहीत. पण फरक कुठे आहे ते 'जय भीम कॉम्रेड'मधल्याच एका भागावरून सांगते. गोळीबार का केला, तर जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांकडून सांगितलं गेलं. सिनेमा काय करतो? तो हा दावा नाकारून पुढे जात नाही. उपलब्ध चित्रण घेतो, टँकर कुठे उभे होते आणि माणसं कुठे पडली हे ताडून बघतो. जागा जुळत नाहीत. प्रेक्षकाला ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतं. माझ्याशी सहमत होऊ नका, पण हे चित्र बघा आणि तुम्हीच सांगा, असं तो म्हणतो. बेतलेल्या प्रसंगात ही सोयच नसते. तिथे टँकर दिग्दर्शक सांगेल तिथे उभा राहतो.

पुढे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या प्रकरणातल्या पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, आणि नंतर त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. हेही मुलांना सांगायचं, सिनेमा संपला तिथे गोष्ट संपत नाही.

दुसरं, ज्यांच्यावर सिनेमा आहे त्यांना तो आधी दाखवणं. 'जय भीम कॉम्रेड' पहिल्यांदा लोकांसमोर आला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत. खोटं दाखवलं असतं तर तिथेच कोणीतरी उठून विचारलं असतं.

आणि तुम्ही निवडीबद्दल म्हणता, तर त्या सिनेमात शीतल साठेंच्या आईची मुलाखत आहे. मुलगी कबीर कला मंचात क्रांतीची गाणी गाते, आई देवभोळी. दिग्दर्शकाला आपलंच म्हणणं रेटायचं असतं तर आईला सहज गाळता आलं असतं. ठेवलंय. मला सगळ्यात जवळची वाटणारी बाई तीच आहे.

तर्कट :

टँकरचा मुद्दा पटला. तपासता येणं आणि न येणं, हा फरक मी धरला नव्हता. सिनेमा पुन्हा बघतो.

हडसनकाठ :

मी न्यू जर्सीत असते. इथल्या माझ्या सहकाऱ्यांना गांधीजी म्हटलं की बेन किंग्जलेचाच चेहरा आठवतो. मूळ छायाचित्र दाखवलं तर क्षणभर गोंधळतात. 'गांधी'चे दिग्दर्शक ॲटनबरो यांनी ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेचा प्रसंग चित्रित केला, तीन लाखांच्या वर माणसं होती. केवढी ती गर्दी! आणि तरी सांजवेळ म्हणतात तसं, १९५६ च्या दादरच्या त्या गर्दीत आणि या गर्दीत फरक आहे. इथे माणसांना यायला सांगितलं होतं, तिथे कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याच सिनेमाशी आपलंही नातं आहे म्हणून लिहिते. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना त्यातल्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं. आणि रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा! त्या बोलत नाहीत तेव्हाही बघत राहावंसं वाटतं.

गांधीजींवरच स्वतःच्या हिमतीवर झालेलं काम हवं असेल तर ए. के. चेट्टियार हे नाव शोधा. तमिळ पत्रकार. १९३७ मध्ये न्यूयॉर्कहून डब्लिनला जहाजाने जाताना डोक्यात आलं, गांधींची जिथे जिथे फिल्म असेल ती गोळा करायची. त्यासाठी देशोदेशी फिरले आणि १९४० मध्ये माहितीपट पूर्ण केला. गांधीजी हयात असताना, ब्रिटिश राज्यात.

पायवाट७२ :

दाखवणारा कोण याबरोबर अडवणारा कोण हेही या धाग्यावर यायला हवं. पटापट लिहितो.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ मध्ये चार शहरांवर सोळा मिनिटांचा माहितीपट केला. मुंबईतल्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून सेन्सॉरने अडवला, अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण, म्हणजे सिनेमा लोकांना दाखवण्याआधी तपासणं, घटनेत बसतं असं सांगितलं. आज जे काही चालतं ते त्या निकालाच्या पायावर.

'किस्सा कुर्सी का'च्या प्रती आणीबाणीत जप्त करून जाळल्या गेल्या. अमृत नाहटांनी तो नव्याने बनवला. 'आंधी' चालू थिएटरांतून उतरवला गेला. पटवर्धनांचे 'राम के नाम' आणि 'जंग और अमन' दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात लढून पुढे आले. पहिल्याला राष्ट्रीय पुरस्कार होता तरी दूरदर्शन दाखवेना. 'ॲन इनसिग्निफिकंट मॅन' हा अरविंद केजरीवालांवरचा माहितीपट २०१७ मध्ये आला, तेव्हा सेन्सॉरने त्यात दिसणाऱ्या नेत्यांची ना हरकत पत्रं आणायला सांगितली होती. म्हणजे ज्याच्यावर टीका करायची त्याचीच आधी परवानगी! सेन्सॉरच्या निर्णयाविरुद्ध जिथे दाद मागता यायची त्या अपिलीय न्यायाधिकरणाने ते मोडीत काढलं. २०२१ मध्ये ते न्यायाधिकरणच बंद झालं. आता छोट्या निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं, आणि तो खर्च सगळ्यांना झेपत नाही.

२०२५ ला 'फुले' ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला लागणार होता. आक्षेप आले, बदल सुचवले गेले, लागला २५ एप्रिलला. जयंती हुकली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सावित्रीबाईंवर शेण फेकलं गेलं हे पाठ्यपुस्तकात आहे, पडद्यावर आलं की लोकांना टोचतं. मला याचा फार त्रास होतो.

पुस्तककिडा :

हे सगळं बघायला कुठे मिळेल?

कोकणकडा :

पटवर्धनांचे बरेच माहितीपट त्यांनी स्वतःच यूट्यूबवर ठेवले आहेत. फिल्म्स डिव्हिजनचंही खूप काही तिथे आहे. मुंबईत असाल तर पेडर रोडवरचं गुलशन महालातलं सिनेमा संग्रहालय बघा.

निळाई :

सांजवेळताई, धागा परवा वाचला आणि काल आईला अंत्ययात्रेचं चित्रण दाखवलं. मुद्दाम तुमच्यासारखा आवाज बंद करून.

माझे आजोबा, आईचे वडील, रेल्वेत गँगमन होते, मनमाडला. ६ तारखेला बातमी कळली आणि ते मिळेल त्या गाडीने मुंबईला गेले. तीन दिवसांनी परत आले तेव्हा पायात चप्पल नव्हती, गर्दीत गेली होती. चौपाटीवर भदंत आनंद कौसल्यायनांनी दीक्षा दिली त्यात तेही होते. आई तेव्हा सात वर्षांची. तिला एवढंच आठवतं की आजीने गरम पाण्यात मीठ घालून त्यांचे पाय शेकले आणि घरात कोणी बोललं नाही.

आईने मोबाईल घेतला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ धरला. "थांबव." मी थांबवलं. "मागे घे." घेतलं. गच्चीवरची माणसं, ट्रकच्या कडेने चालणारी माणसं, झाडावर चढलेली पोरं. प्रत्येक ठिकाणी थांबवून ती बोटाने एकेक चेहरा बघत होती. अर्धा पाऊण तास गेला असेल. मी म्हटलं, "आई, लाखो लोक होते गं, त्यात बाबा कसे सापडतील?" तर म्हणाली, "तेव्हा सगळेच तसे दिसायचे. सडपातळ, टोपीवाले. असू दे, तू मागे घे."

छापखाना गहाण टाकल्याचं मी तिला सांगितलं. तिने व्हटकरांचं नाव दोनदा विचारून घेतलं.

रीळवालादादा, तुम्हाला एक विचारायचं होतं. मोबाईलवर चेहरे फार बारीक आणि पुसट दिसतात. याची यापेक्षा स्वच्छ, मोठी प्रत कुठे मिळेल का? आईला मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे. ती अजून शोधतेय.

रीळवाला :

ताई, मूळ फिल्मवरून काढलेली प्रत मिळते का बघतो, एक-दोघांना आजच फोन करतो. मिळाली तर प्रोजेक्टर मी घेऊन येईन. तुम्ही कुठे असता ते व्यक्तिगत निरोपात कळवा.